भाड्याचा अंगरखा आणि चाकणचा खंदक

ज्यांना ऐकायला जमत नाही, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, तेव्हा वाक्यं कुठे लांबली तर सांभाळून घ्या.

१८ फेब्रुवारीच्या रात्री किंवा १९ ला पहाटे कासारवाडीजवळ, नाशिक फाट्याच्या पुलाखाली थोडा वेळ उभं राहिलात तर पळत येणारी मुलं दिसतात. पुढे एकाच्या हातात मशाल, मागे घोषणा देणारी पोरं, त्यामागे जनरेटर लावलेला टेम्पो. शिवनेरीवर पेटवलेली ज्योत आपल्या चौकात आणायची. जुन्नर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी आणि मग फाटा. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, आळीपाळीने पळत. अंगात मंडळाचा टी-शर्ट, पायात स्पोर्ट शूज. इतिहासाच्या दृष्टीने यात 'ओरिजिनल' काहीच नाही. संध्याकाळी मात्र त्याच चौकात मिरवणूक निघते आणि तिथे सगळं ओरिजिनल असावं अशी अपेक्षा असते. घोड्यावर महाराज, बाजूला मावळे, मागे एखादा औरंगजेब किंवा अफझलखान. सगळे कपडे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले.

आजचा प्रश्न हा की या दोघांत खरं जास्त कुठे आहे? आणि त्याआधीचा प्रश्न, खरं म्हणजे नेमकं काय?

आधी एक तारीख घेऊ, कारण गंमत तिथूनच सुरू होते. १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ही तारीख ज्युलियन कॅलेंडरमधली आहे. आपण मोबाईलवर जे कॅलेंडर बघतो ते ग्रेगोरियन, आणि सतराव्या शतकात या दोघांत दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणजे आजच्या कॅलेंडरने मोजलं तर तो दिवस १ मार्च १६३० येतो. तिथीप्रमाणे की तारखेप्रमाणे यावर आपल्याकडे मंडळं फुटलीत, पण तारीखवाल्यांची तारीखसुद्धा 'आपल्या' कॅलेंडरची नाही हे फार कमी जणांना माहीत असतं. याचा अर्थ १९ ला जयंती करू नये असा मुळीच नाही. ठरवलेला दिवस हा ठरवलेला असतो. फक्त 'अस्सल' या शब्दाला किती पदर असतात ते बघा.

मुळात जयंतीचा सार्वजनिक उत्सव हीसुद्धा सतराव्या शतकातली गोष्ट नाही. महात्मा फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला १८६९ मध्ये. टिळकांनी रायगडच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ उभी केली १८९५ च्या सुमाराला, आणि एप्रिल १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. म्हणजे आपण जे करतो ती साधारण सव्वाशे-तीस वर्षांची परंपरा आहे. तिचं स्वतःचं वय आहे, तिला महाराजांचं वय चिकटवायची गरज नाही.

जुना काळ अंगावर घालून मिरवायची हौस जगभर आहे. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट १८३९ मध्ये लॉर्ड एग्लिंटन नावाच्या उमरावाने मध्ययुगीन सरदारांचे भाल्यांचे सामने भरवले. चिलखतं, ध्वज, घोडे, सगळा थाट. आणि आला मुसळधार पाऊस. चिखलात सरदार अडकले, आणि त्या सगळ्या थाटात एका बड्या पाहुण्याने छत्री उघडली. लोकांच्या लक्षात राहिली ती छत्री. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत मध्ययुगीन जत्रा आणि त्या काळाचे हौशी संघ सुरू झाले. तिकडेच यादवी युद्धाच्या लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या मंडळींत 'फार्ब' असा टोमणा आहे. ज्याच्या अंगावर काळाशी न जुळणारी वस्तू दिसेल, मग ते मनगटी घड्याळ असो की मशीनची शिलाई, तो फार्ब. काही जण तर दुसऱ्याच्या कोटाचे टाके मोजतात.

आपल्या मिरवणुकीत असा फार्ब शोधायला बसलो तर रात्र होईल. पॉलिस्टरचा अंगरखा, फोमचं चिलखत, प्लॅस्टिकची ढाल. घोडासुद्धा. मिरवणुकीला येतो तो लग्नाच्या वरातीतला उंच पांढरा घोडा. मराठ्यांच्या घोडदळाची ओळख होती भीमथडीची जनावरं, भीमेच्या खोऱ्यातली, अंगाने लहान, चणीने काटक, डोंगर चढणारी. महाराजांना तसल्या तट्टावर बसवलं तर फोटो 'भारी' येणार नाही, म्हणून कुणी बसवत नाही. खाण्याच्या स्टॉलवर 'शिवकालीन थाळी' असते, तिच्यात शेंगदाण्याचा ठेचा आणि बटाट्याची भाजी. मिरची, शेंगदाणा, बटाटा, तिन्ही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली. मिरची त्यातल्या त्यात लवकर आली, पोर्तुगीजांबरोबर. बटाट्याने मात्र आपल्या घरात बस्तान बसवलं ते बऱ्याच नंतर. भाकरीला हरकत नाही, ती खुशाल खा.

पण खरं सांगू, या असल्या चुका काढण्यात मला फारसा रस नाही. बुटांवरून कुणाला हिणवणं सोपं असतं. ज्या पोराने स्वतःच्या पगारातून दिवसाचं भाडं भरून मावळ्याचा पोशाख घेतलाय, त्याला 'तुझं कापड चुकीचं' म्हणून काय मिळवायचं? बिनमहत्त्वाच्या चुका आणि महत्त्वाच्या चुका वेगळ्या करायला हव्यात. महत्त्वाची चूक मला दिसते ती कपड्यांत नाही, कपड्यांतल्या फरकात.

आठवून बघा. आपल्या कुठल्याही देखाव्यात, नाटकात, सिनेमात दोन बाजू लांबून ओळखू येतात. आपली बाजू भगवी, कपाळावर चंद्रकोर, डोक्याला विशिष्ट आकाराचा टोप. समोरची बाजू हिरवी-काळी, डोळ्यांत सुरमा, लांब दाढी, गडगडाटी हसणं. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं की कुणाला टाळ्या वाजवायच्या.

आता महाराजांच्या काळातली किंवा त्याला अगदी जवळची चित्रं बघा. युरोपातल्या संग्रहालयांत गेलेली, दख्खनी चित्रकारांच्या हातची काही चित्रं आज फोनवर सहज सापडतात. वा. सी. बेंद्रे यांनी डच लेखक व्हॅलेंटाइनच्या ग्रंथाच्या धाग्यावरून महाराजांचं विश्वसनीय चित्र पुढे आणलं, तोपर्यंत महाराष्ट्रात भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून फिरत होतं. या जुन्या चित्रांत महाराज कसे दिसतात? अंगात जामा, कमरेला भरजरी पटका, त्यात खोचलेली कट्यार, डोक्याला बांधलेलं पगडीसारखं शिरोभूषण आणि त्यावर तुरा. दाढी राखलेली. आणि त्याच काळातले आदिलशाही, कुतुबशाही, मुघल सरदार कसे दिसतात? जामा, पटका, कट्यार, पगडी, दाढी. बारकावे निराळे आहेत, जाणकाराला ते कळतात, पण चाळीस फुटांवरून टाळ्या वाजवण्याइतका फरक नाही. तो दख्खनचा दरबारी पोशाख होता आणि तो सगळ्यांचा होता.

हे नुसतं चित्रांवरून म्हणत नाही. लाल महालाची गोष्ट घ्या, ५ एप्रिल १६६३. शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती. या हल्ल्याचं जदुनाथ सरकारांनी जे वर्णन दिलंय त्यात छावणीच्या पहारेकऱ्यांनी हटकल्यावर महाराजांची माणसं सांगतात की आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमून दिलेल्या जागेवर चाललोय. आणि पहारेकरी त्यांना जाऊ देतात. लोकप्रिय गोष्टीत याच जागी लग्नाची वरात येते. कुठलीही आवृत्ती धरा, ती चालते एकाच अटीवर, की बघणाऱ्याला कपड्यांवरून बाजू ओळखू येत नव्हती. आपल्या देखाव्यातले मावळे त्या रात्री गेले असते तर पहिल्याच चौकीवर पकडले गेले असते! इतिहासातली सगळ्यात धाडसी म्हणून सांगितली जाणारी मोहीम ज्या गोष्टीवर उभी आहे, तीच गोष्ट आपला ड्रेपरीवाला पुसून टाकतो.

प्रतापगडाचं तसंच. १० नोव्हेंबर १६५९. भेटीच्या वेळी अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी, आणि महाराजांच्या दहा अंगरक्षकांच्या यादीत सिद्दी इब्राहिम. देखाव्यात सिद्दी इब्राहिम मी तरी क्वचितच पाहिलाय. त्याला उभा करायचा तर कुठल्या रंगाचे कपडे द्यायचे हा प्रश्न पडत असणार.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे दुसऱ्या पारड्यात टाकायला हवी. कुणी म्हणेल, महाराजांनाच हा फरक करायचा होता की! बरोबर आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, अष्टप्रधानांना संस्कृत नावं दिली. म्हणजे वेगळेपणाची जाणीव होती, ती त्यांनी मुद्दाम घडवली. पण ६ जून १६७४ चा तोच राज्याभिषेक हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. तो सिंहासनाच्या दोन्ही बाजूंच्या सोनेरी भाल्यांचं वर्णन करतो. उजवीकडे मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्याच्या टोकाला सोन्याचा तराजू. ही सत्तेची चिन्हं 'मूर' लोकांच्या रीतीची, असंही तो नोंदवतो. एकीकडे गागाभट्टांचे वैदिक विधी, दुसरीकडे मुघली धाटणीची राजचिन्हं, एकाच दरबारात. राजवाड्याच्या दारात त्याला दोन लहान हत्ती दिसले आणि हे जनावर एवढा अवघड गड चढलं कसं याचंच त्याला कोडं पडलं.

विचार करा, रायगडावर दरवर्षी हजारो लोक जातात. कुणी ती मत्स्यमुखं, तो तराजू पुन्हा बनवून मिरवले तर? प्रत्यक्ष साक्षीदाराने लिहिलेली वस्तू आहे, यापेक्षा अस्सल काय हवं? पण माझा अंदाज, पहिला प्रश्न येईल, 'हे आपलं आहे का?'

भाषेचीही तीच तऱ्हा. देखाव्यातले महाराज शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. त्या काळची पत्रं काढून बघा, ओळीओळीला फारसी शब्द. आणि आपण आज अभिमानाने लावतो ते शब्द तरी कुठले? शिलेदार, किल्लेदार, हवालदार, फौज, तोफ, सरदार. यातला प्रत्येक शब्द बाहेरून येऊन इथला झालेला.

वस्तूंबद्दल एवढंच. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. रांगा लागल्या. ती ग्रँट डफकडे होती हे नक्की. प्रतापगडावर वापरलेली तीच का, हे सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी तर जाहीरपणे आक्षेप घेतला. मला यात आवडलं ते संग्रहालयाचं वागणं. एवढी गर्दी खेचणारी वस्तू हातात असताना 'खात्री नाही' असं पाटीवर लिहायला छाती लागते. आपल्या रीलवर कुणी 'खात्री नाही' असं कॅप्शन टाकलेलं पाहिलंय?

'जाणता राजा'बद्दल विचारणारे मेसेज येतात म्हणून थोडक्यात. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं हे महानाट्य १९८५ साली रंगमंचावर आलं, दोनशेहून जास्त कलाकार, हत्ती-घोडे. आज मिरवणुकांत जे दिसतं त्यातलं पुष्कळसं तिथून आणि भालजी पेंढारकरांच्या सिनेमांतून आलंय. ती कला आहे आणि ताकदीची आहे. घोळ होतो तो नंतर, जेव्हा नाटकाचा पोशाख पुरावा म्हणून वापरला जातो आणि जुनं चित्र दाखवणाऱ्यालाच ऐकावं लागतं की 'महाराज असे दिसत नव्हते.'

आता वेष घेण्याची एक गोष्ट, जिच्यात वेष अगदी हुबेहूब असणं भागच होतं. जुलै १६६०, पन्हाळा. सिद्दी जौहरचा वेढा. परंपरेने सांगितलं जातं की शिवा काशीद नावाचा नाभिक समाजातला माणूस महाराजांसारखा दिसायचा. तो महाराजांचा पोशाख घालून पालखीत बसला, पकडला गेला, मारला गेला, आणि तेवढ्या वेळात महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले. मावळ्याचा ड्रेस घालून रील काढताना मला हा माणूस आठवतो. त्याच्याकडून चूक झाली असती तर कमेंटमध्ये ट्रोल झाला नसता.

त्याच वाटेवर, त्याच पावसाळ्यात, आज दरवर्षी हजारो मुलं-मुली पन्हाळगड ते पावनखिंड चालत जातात. रेनकोट, ट्रेकिंग शूज, पाठीवर सॅक. पण पाऊस खरा, चिखल खरा, धुकं खरं, अंतर खरं. दुसऱ्या दिवशी पाय सुजल्यावर जे कळतं ते कुठल्याही देखाव्यासमोर उभं राहून कळत नाही. पालखी खांद्यावर घेऊन हे अंतर कापायचं, तेही रात्री, मागे घोडदळ. पहाटे नाशिक फाट्यावर पोचणाऱ्या ज्योतवाल्या पोरांना त्यातलं थोडं तरी कळलेलं असतं. शिवनेरी ते कासारवाडी हे अंतर गुगल मॅपवर एक निळी रेघ आहे. पळाल्यावर तो मुलूख होतो.

आणि या मुलखाच्या मधोमध चाकण आहे.

आपल्याला चाकण म्हणजे कंपन्या, ट्रॅफिक आणि कांदा. पण गावाच्या आत संग्रामदुर्ग आहे, भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही, सपाटीवर तट आणि भोवती खंदक. महाराज पन्हाळ्यात अडकलेले असतानाच, २१ जून १६६० ला शाहिस्तेखान इथे येऊन बसला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा, आतली माणसं तीन-साडेतीनशेच्या घरात. बाहेर मुघल साम्राज्याची फौज. मदत येण्याची शक्यता जवळजवळ शून्य, कारण मदत करणारेच वेढ्यात.

खानाने ईशान्येच्या बुरुजाखाली भुयार खणायला घेतलं. भर पावसाळ्यात, चिखलात. आतून गोळीबार चालूच. ५४ दिवस गेले. १४ ऑगस्टला दुपारी सुरुंग उडाला, बुरूज माणसांसकट हवेत गेला. मुघल धावले आणि बघतात तर मागे मातीचा दुसरा बांध तयार. बुरूज जाणार हे ओळखून आतल्यांनी आधीच उभा केलेला. त्या बांधाआडून बाण, गोळे, हातबॉम्ब. मुघलांनी ती रात्र तिथेच, उघड्यावर काढली. दुसऱ्या दिवशी बांध पडला, आतले बालेकिल्ल्याकडे हटले, आणि मग राव भाऊसिंह या राजपूत सरदाराच्या मध्यस्थीने किल्ला दिला. मुघलांकडचे २६८ ठार, ६०० जखमी, असा आकडा जदुनाथ सरकार देतात. सपाटीवरच्या एका छोट्या कोटासाठी. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली. तो महाराजांकडे परत गेला आणि महाराजांनी त्याला पुढे भूपाळगड सांभाळायला दिला. किल्ला हरलेल्या माणसाला दुसरा किल्ला!

कासारवाडीपासून तासाभराच्या अंतरावर घडलेली ही गोष्ट. आणि हिचा देखावा मी कधी पाहिलेला नाही. कारण उघड आहे. यात सिंहासन नाही, घोड्यावरची एन्ट्री नाही, शेवटी विजयाचं गाणं लावता येत नाही. शरण जाण्याचा प्रसंग कोण उभा करणार? मध्यस्थी करणारा राजपूत कुठल्या बाजूला उभा करायचा? हे उभं करायचं तर लागतील फावडी, घमेली, ओली माती, आणि रात्रभर काम करून डोळे लाल झालेली माणसं. थर्ड शिफ्ट करून आलेल्या कुणालाही त्या माणसांचा चेहरा वेगळा शोधावा लागणार नाही, ड्रेपरीवाल्याकडे जायचीही गरज नाही.

दिवाळीत एक प्रयोग करता येईल. पिंपरी-चिंचवडमध्ये किल्ले बनवायच्या स्पर्धा जोरात असतात. सगळे रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग करतात, वर अळीव पेरतात, सिंहासनावर महाराज ठेवतात. कुणीतरी संग्रामदुर्ग करा. सपाट. डोंगर करायचा नाही म्हणजे निम्मी माती वाचली. खंदकात पाणी सोडा, ईशान्येचा बुरूज फोडलेला दाखवा आणि त्याच्या मागे तो मातीचा बांध. प्लॅस्टिकचे मावळे बाजारात मिळतातच, मुघल म्हणूनही तेच वापरा. ते चुकीचं होणार नाही, का ते आता तुम्हाला माहीत आहे. परीक्षक विचारतील महाराज कुठे आहेत. सांगायचं, पन्हाळ्यात वेढ्यात होते, नंतर विशाळगडाकडे निसटले.

त्याआधी एकदा जाऊन या. भोसरीहून चाकणची बस मिळते. दरवाजा, तटाचे तुकडे, खंदकाची जागा अजून दिसते, गाव अगदी अंगाला येऊन भिडलंय. पावसाळ्यात गेलात तर त्या मातीत पाय किती रुततो ते बघा.

पुढचा एपिसोड भीमथडीच्या घोड्यावर. भेटू.